नंतर बसवलेला क्रूज कंट्रोल सेट होत नाही किंवा मध्येच सुटतो: किट उघडण्याआधी ब्रेक लाईट बघा

माझं खरं काम इन्व्हर्टर-बॅटरीचं. देवगडपासून बांद्यापर्यंत फिरणं असतं म्हणून माझ्या बेस मॉडेलच्या डिझेल हॅचबॅकला बाहेरून क्रूज (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीने ठरवलेला स्पीड स्वतःच धरून ठेवायची सोय) बसवून घेतला आणि तिथून हे लचांड मागे लागलं. आधी माझा बिघडला, तो शोधून काढला, मग मित्राचा, मग मामांचा, मग मामांच्या शेजाऱ्यांचा. आता मिरग लागला की, आणि चतुर्थीला चाकरमानी गाड्या घेऊन आले की फोन ठरलेला, "अरे, तो क्रूज परत झोपलो, बटन दाबलंय पण कायच होऊक नाय." तेच तेच किती वेळा सांगणार, म्हणून एकदा लिहून टाकतोय.

आधी लक्षणं

तुमची गाडी यातल्या कुठल्या खात्यात बसते ते बघा, पुढचा बराच वेळ वाचेल.

१. क्रूजचा दिवा लागतो पण सेट दाबलं की काहीच होत नाही. सगळ्यात जास्त येणारी तक्रार.

२. सेट होतो, पण पुलाच्या जॉइंटवर किंवा खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो.

३. दिवसा चालतो, लाईट लावले की चालत नाही. ऐकायला भुताटकी वाटते, कारण अगदी साधं असतं.

४. दिवाच लागत नाही, सगळंच मेलेलं.

५. प्लस दाबलं की कॅन्सल होतो, भलतंच बटण भलतं काम करतं, आणि सोबत हॉर्नही कधी वाजतो कधी नाही.

६. सेट होतो पण स्पीड धरत नाही, ८० वर ठेवला तर खालीवर, खालीवर, भरतीला बांधलेल्या होडीसारखा.

७. ब्रेक मारला तरी गाडी ओढत राहते. किंवा इंजिनचा दिवा लागून ॲक्सिलरेटरला काही प्रतिसादच नाही.

सातवं असेल तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. चालत्या गाडीत झालं तर ब्रेक जोरात आणि एकसलग दाबून धरा, पंप करू नका (इंजिन असं ओढत असताना पंप केला की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं), क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन ओरडलं तर ओरडू दे, बाजूला घेऊन थांबल्यावरच चावी फिरवा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग जड होतं, काही गाड्यांत लॉकही होतं. मग टोइंगला फोन. ती गाडी "हळूहळू नेतो" म्हणून चालवायची नाही.

हा नकार कुठून येतो

हे नीट समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. नंतर बसवलेला क्रूज साधारण दोन तऱ्हेचा असतो. एक, गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरमध्ये, क्रूजचा प्रोग्राम कंपनीनेच ठेवलेला असतो, फक्त स्वस्त मॉडेलला बटणं दिलेली नसतात, तिथे स्टिअरिंगवर वरच्या मॉडेलची बटणं बसवायची आणि गरज पडली तर स्कॅनरने ईसीयूत तो पर्याय चालू करायचा. दुसरा, बाहेरचा डबा, जो ॲक्सिलरेटर पेडल आणि त्याच्या वायरिंगच्या मध्ये बसतो आणि "पाय इतका दाबलाय" असा खोटा निरोप ईसीयूला देतो. आजकालच्या गाड्यांत पेडलला केबल नसते, फक्त वायरी असतात, म्हणून हे जमतं.

दोन्ही तऱ्हांमध्ये एक गोष्ट सारखीच. गाडी स्वतः स्पीड धरणार, म्हणजे जरा कुठे शंका आली की तिने सोडून दिलं पाहिजे, हे डिझाईनमध्येच आहे. ब्रेक दाबलाय? सोड. क्लच दाबलाय? सोड. ब्रेकच्या दोन वायरींचं एकमेकांशी जुळत नाही? सोड. स्पीडचा आकडा येत नाही? सोड. त्यामुळे क्रूज लागत नाही म्हणजे किट जळलंय असं समजून नवीन मागवू नका, शंभरातला एखादा डबा जळत असेल, बाकीच्या वेळी तो बिचारा कुणाच्या तरी निरोपावर नकार देत असतो. आपलं काम एवढंच की निरोप देणारा कोण ते शोधायचं. आणि आपल्याकडे, समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, तो बहुतेक वेळा ब्रेकच्या बाजूचाच निघतो.

(जाता जाता: ही कल्पना ज्याच्या नावावर आहे तो राल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनियर अंध होता, लहानपणी पाचव्या वर्षी दृष्टी गेलेली. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की स्पीड कमी व्हायचा, ऐकायला लागला की वाढायचा, त्या हिसक्यांना कंटाळून याने हे काढलं असं सांगतात. पेटंट १९५० चं, गाडीत विकायला आलं १९५८ मध्ये, क्रायस्लरच्या गाड्यांत. आमचे मामा अजून त्या वकिलासारखेच चालवतात.)

शून्य खर्चाच्या गोष्टी

हसू नका, पण आधी स्पीड बघा. बहुतेक गाड्यांत साधारण ४० च्या खाली क्रूज सेट होतच नाही, किटमध्येही तशीच मर्यादा असते. मालवणच्या बाजारपेठेतून जाताना सेट दाबून "होत नाय" म्हणणारे मला दोघे भेटलेत.

दुसरं, पाय. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय आपल्यात फार जणांना आहे, आणि क्लचचा स्विच पेडल जरासं हललं तरी निरोप देतो. मामांच्या शेजाऱ्यांच्या गाडीत मी दोन रविवार वायरिंग उसवत बसलो होतो, शेवटी त्यांच्या बाजूला बसून कुडाळपर्यंत गेलो तेव्हा कळलं की काकांचा डावा पाय क्लचवर अगदी आराम करतोय. पाय खाली घ्यायला सांगितलं, सेट झाला. काका मलाच म्हणाले, "मग आधी सांगूचा ना."

तिसरं, मॅट. बाजारात मिळणाऱ्या त्या जाड मॅट पेडलच्या मागे गोळा होतात आणि क्लच किंवा ब्रेक पूर्ण वर येत नाही. मॅट काढून पाच मिनिटं चालवून बघा. तीच मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, ती तशीही हुकाला अडकवलेली पाहिजे.

ब्रेक लाईट

इथे थांबा आणि वेळ द्या. मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि समोरचा हमखास म्हणतो "लागतात रे", आणि बघितलेले नसतात.

गाडी संध्याकाळी भिंतीला पाठ करून लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा, किंवा कोणी नसेल तर एक दांडा सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवा. आता तीन गोष्टी बघायच्या. तिन्ही दिवे लागतात का (वरचा काचेजवळचा धरून). पेडल सोडल्यावर तिन्ही पूर्ण विझतात का. आणि पार्किंग लाईट लावून परत तेच केल्यावर काही विचित्र होतं का, म्हणजे एक मंद, एक लुकलुकतोय, ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा उजेड कमी होतोय, असं काही.

दिवे विझतच नसतील तर उत्तर मिळालं, गाडीला वाटतंय ब्रेक दाबलेलाच आहे. खाली स्विचच्या भागात जा.

दिवे लागतच नसतील तरी क्रूज नकार देतो, हे लोकांना पटत नाही. बाहेरच्या बऱ्याच किटची एक वायर ब्रेक लाईटच्या वायरीला जोडलेली असते. ब्रेक दाबला नसताना त्या वायरीला बल्बच्या तारेतून अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंटला गाडीच्या बॉडीकडे परत जायचा रस्ता) मिळतो आणि डबा म्हणतो, ठीक, सगळं जागेवर आहे. ब्रेक दाबला की त्याच वायरीवर १२ व्होल्ट येतात आणि डबा सोडून देतो. आता बल्बच उडाले, किंवा होल्डर गंजला, तर अर्थही नाही आणि १२ व्होल्टही नाहीत. डब्याला कळतच नाही काय चाललंय, म्हणून तो नकार देतो, आणि बरोबरच करतो.

एलईडीचं लफडं पण इथलंच. हौसेने मागचे बल्ब बदलून एलईडी टाकले की त्यातून तसा अर्थ मिळत नाही, दिवे झकास लागतात, क्रूज मात्र त्या दिवसापासून बंद, आणि दोष किटवाल्याला. खात्री करायला एका बाजूला जुना साधा बल्ब परत लावा. सेट झाला तर तोच बल्ब ठेवा, नाहीतर किटवाल्याकडून एलईडीसाठीचा रिले बसवून घ्या. जाडा रेझिस्टर लावून पण काम होतं पण तो चांगलाच तापतो, प्लास्टिकजवळ नको.

बदलताना बल्ब तोच घ्या. आपल्याकडे खूप गाड्यांत मागे २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो, २१ ब्रेकला, ५ पार्किंगला. त्याच्या दोन पिना वरखाली असतात ते चुकीचा बसू नये म्हणूनच, पण जोर लावून उलटा बसवणारे महाभाग आहेत.

आता खाऱ्या हवेचं. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कसं कळकतं, तसा हिरवा थर होल्डरच्या पत्तीवर चढतो. फ्यूज काढून ठेवा, बारीक पॉलिश पेपरने पत्ती घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी दूर ठेवणारं, करंट न वाहणारं). नुसता डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारून मोकळे होऊ नका, चार दिवस बरं वाटतं.

आणि तिसरं लक्षण, दिवसा चालतो रात्री नाही, ते या अर्थवरच आहे. मागच्या दोन्ही दिव्यांचा अर्थ डिकीत एकाच बोल्टवर असतो काही गाड्यांत. तो बोल्ट गंजला की पार्किंग लाईटच्या करंटला परत जायला रस्ता नाही, मग तो दुसऱ्या तारेतून उलटा ब्रेकच्या वायरीवर चढतो, आणि डब्याला वाटतं ब्रेक दाबला. एका मित्राच्या गाडीत हे तीनदा झालं. तो पहाटे बंदरावरून बर्फातली सुरमई डिकीत घालून कणकवलीला पोचवतो, खोक्यातून पाणी गळतं ते थेट त्या कोपऱ्यातल्या बोल्टवर. दोनदा मी बोल्ट घासून दिला, तिसऱ्यांदा त्याला आधी डिकीत ठेवायला एक प्लास्टिकचा ट्रे घेऊन दिला आणि मग बोल्ट घासला.

फ्यूज

पटकन उरकतं. गाडीच्या बॉक्समधला स्टॉप लाईटचा फ्यूज (झाकणाच्या मागे नकाशा असतो) आणि किटच्या वायरीवरचा वेगळा फ्यूज, दोन्ही काढून उजेडात धरा. न जळलेल्या फ्यूजच्या पायांवर पण हिरवं साठतं, ते बघा. चौथ्या लक्षणात, म्हणजे दिवाच लागत नाही तेव्हा, बहुतेक वेळा इथेच सापडतं. तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा जळला तर मोठा लावायचा नाही, कुठेतरी वायर सोलली आहे, आणि पावसाळ्यात घरात जागा न मिळालेले उंदीर गाडीत राहायला येतात हे आपल्याकडे कोणाला सांगायची गरज नाही. बॉनेट उघडून लेंड्या शोधा.

ब्रेक आणि क्लचचे स्विच

इथून मल्टिमीटर लागतो, साधा चालेल, शिवाय डोकं खाली आणि पाय वर करून पेडलखाली घुसायची तयारी.

ब्रेकच्या स्विचला बऱ्याच गाड्यांत चार वायरी असतात. म्हणजे एकात दोन स्विच. एक ब्रेक दाबल्यावर जोडला जातो, तो दिव्यांना जातो. दुसरा ब्रेक दाबल्यावर तुटतो, तो ईसीयूला जातो. दोघांनी कायम एकमेकांच्या उलट बोललं पाहिजे. दोघे एकच बोलायला लागले की ईसीयू समजतो की एकजण खोटं बोलतोय आणि क्रूज बंद. म्हणून दिवे व्यवस्थित लागत असूनही स्विच खराब असू शकतो, हे डोक्यात ठेवा, मी स्वतः पहिल्या वेळी इथेच फसलो. दिवे लागतायत म्हणजे स्विच चांगला, असं धरून बाकी सगळी गाडी खोलली होती.

तपासायचं असं: इग्निशन ऑन, इंजिन बंद, मीटरचं काळं टोक बॉडीच्या स्वच्छ स्क्रूवर, लाल टोक स्विचच्या कनेक्टरच्या मागून एकेका वायरीला. पेडल दाबा, सोडा. स्विचमधून पुढे जाणाऱ्या वायरींवर आकडा टकन बदलला पाहिजे, १२ च्या आसपास नाहीतर शून्य. मध्येच ४, ७, ९ असं काही दिसलं तर आतली पत्ती गेली. स्विच फार महाग नसतो, ओरिजिनलच घ्या, आणि बदलल्यावर तो किती आत बसवायचा ते त्या गाडीच्या पद्धतीने सेट करा. ढिला राहिला की तेच दुसरं लक्षण, जॉइंटवर गाडी आदळते, पेडल मिलिमीटरभर नाचतं, क्रूज सुटतो.

पेडलच्या पट्टीवर जिथे स्विचचा दांडा टेकतो तिथे रबराचं किंवा प्लास्टिकचं एक छोटं बूच असतं. ते जुनं झालं की चुरा होऊन पडतं, दांडा त्या भोकातून आरपार जातो आणि दिवे कायमचे लागलेले राहतात. ड्रायव्हरच्या पायाशी बिस्किटाच्या चुऱ्यासारखं काही सापडलं तर झाडून टाकण्याआधी वर बघा. बूच मिळतं, अगदी थोड्या पैशात.

क्लचचा स्विच साधा, दोन वायरींचा, तसाच तपासायचा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुठलाही वायरमन म्हणाला की "स्विच डायरेक्ट करून देतो, कटकट मिटली", तर गाडी परत घ्या. एका ओळखीच्याचा क्लचचा स्विच असाच कोणीतरी शॉर्ट करून दिला होता, गिअर बदलायला क्लच दाबला की क्रूजला कळतच नाही, तो स्पीड राखायला रेस वाढवत राहतो आणि इंजिन किंचाळतं. हे क्लचचं झालं. ब्रेकचं असं केलं तर तुम्ही थांबवताय आणि गाडी ओढतेय. मी मित्राशी यावरून भांडलोय, आणि त्याच्या गाडीचं काम तोवर केलं नाही जोवर त्याने तो जंपर, म्हणजे स्विच डायरेक्ट करणारी वायर, काढला नाही.

किटच्या जोडण्या

ब्रेकची बाजू स्वच्छ निघाली तर आता डब्याकडे. बसवणाऱ्याने घाईत वायरी सोलून पिळून टेप गुंडाळलेली असते. पुण्यात ती दहा वर्षं टिकेल. इथे दोन पावसाळ्यांत टेपचा डिंक सुटतो आणि आत तांबं काळं पडतं. असे जॉइंट तोडून नीट क्रिम्प किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). किटचा अर्थ रंगावर घेतलेला असेल तर रंग खरवडून घ्या. डबा कुठे आहे ते पण बघा, खाली कार्पेटवर पडला असेल तर वर डॅशच्या मागे बांधा, कारण एसीचा ड्रेन पाईप तुंबला की पाणी आत कार्पेटखाली साठतं आणि कळत नाही. हात लावून बघा, ओलं लागतंय का.

ॲक्सिलरेटर पेडलचा कनेक्टर मात्र जपून. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो, आणि ईसीयू सतत ताडून बघतो की दोघांचं जमतंय का. एखाद्या पिनेवर गंज आला, हिशोब चुकला, की इंजिनचा दिवा आणि गाडी रांगायला लागते. म्हणून इग्निशन बंद करून, थोडं थांबून कनेक्टर काढा, बघा, पिना वाकड्या-हिरव्या नाहीत ना, क्लीनर मारा, टक आवाज येईपर्यंत बसवा. बस. वायरीत सुई खुपसून मोजमाप करू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी आत जातं. कनेक्टर साफ करूनही इंजिनचा दिवा परत आला तर किट काढून मूळ वायरिंग जोडा आणि बघा. तरी आला तर पेडल किंवा वायरिंग, तिथे थांबा.

स्पीड धरत नाही

हे सहावं लक्षण, आणि इथे एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय का ते पहिलं बघायचं. क्रूजला स्पीडचा आकडा बऱ्याच गाड्यांत चाकाच्या सेन्सरकडूनच येतो. चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याने रोज ये-जा असेल तर ती तांबडी माती सेन्सरच्या तोंडावर थापली जाते, आणि खाऱ्या हवेत आतली दातेरी रिंग गंजून फुगते. चाक काढून पाण्याने, ब्रशने साफ करण्यापर्यंत घरी ठीक. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावा. सेन्सर ओढून काढायला जाऊ नका, गंजलेला सेन्सर हमखास तुटतो.

दिवा नसेल आणि फक्त हेलकावे असतील तर किटमध्ये सेन्सिटिव्हिटीची सेटिंग असते, ती एक घर कमी करून बघा. जुन्या, केबलवाल्या गाडीत सर्वो (ॲक्सिलरेटरची केबल ओढणारा भाग) बसवलेला असेल तर केबल ढिली झालेली असते.

इथे मी हात लावत नाही

पाचवं लक्षण. स्टिअरिंगवरची सगळी बटणं बऱ्याचदा एकाच वायरीवर असतात, प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स, त्यावरून गाडी ओळखते कोणतं दाबलं. बटणाखाली घाम-दमट हवा जाऊन रेझिस्टन्स वाढला की प्लसचं कॅन्सल होतं. आणि ही वायर स्टिअरिंगसोबत फिरणाऱ्या एका गुंडाळलेल्या पट्टीतून येते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती तुटायला आली की क्रूज, हॉर्न आणि एअरबॅग तिघांची तब्येत एकदम बिघडते, कारण तिघं तिथूनच जातात.

बटणं असोत की पट्टी, पोचायला एअरबॅग काढावी लागते. ती उघडायला सेकंदाच्या हजार भागांपैकी तीसेक भागांइतका वेळ लागतो, तुम्ही डोकं मागे घेण्याआधी. बॅटरीचं टर्मिनल काढून ठराविक वेळ थांबल्याशिवाय तिथे कोणी स्क्रू पण फिरवायचा नाही, आणि पट्टी मध्यावर न ठेवता बसवली तर पहिल्या वळणाला तुटते. एअरबॅगचा दिवा लागलाय आणि हॉर्न नाही, एवढं दिसलं की मी किल्ली परत देतो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. खर्च होतो, होऊ दे.

आणखी दोन जागा. ईसीयूचं कोडिंग, म्हणजे क्रूजचा पर्याय चालू-बंद करणं, मोबाईल ॲपवरून करणारे भेटतील, पण अर्धवट लिहिलेला ईसीयू गाडी जागेवर बसवतो. आणि जुन्या डिझेल गाडीत व्हॅक्यूमवर चालणारा क्रूज असेल तर तो व्हॅक्यूम ज्या पंपातून येतो त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर असतो. तिथे पाईप गळला की आधी ब्रेक जड होतो. ब्रेक जड लागला तर क्रूजचा विषय बंद, आधी ब्रेकवाला.

झाल्यावर चाचणी

कोरडा रस्ता, सकाळची वेळ, बाजूला कोणीतरी बसलेलं. मी कसाल ते ओरोस, ६६ नंबरच्या चौपदरीवर घेतो. ६० ला सेट करा आणि चार वेळा सोडवा: ब्रेकला नुसता स्पर्श करून, क्लचने, कॅन्सलने, मेन बटणाने. चारही वेळा लगेच सुटला पाहिजे. पार्किंग लाईट लावून परत तेच. एकदा जरी सुटायला वेळ लागला तरी किटचा फ्यूज काढून घरी या.

पावसात चाचणी नाही, वापरही नाही, रस्त्यावर पाणी साठलं असताना चाक तरंगलं तरी क्रूज आपला स्पीड राखायच्या मागे असतो. करूळ, फोंडा, आंबोली, कुठल्याच घाटात नाही. आणि रात्री हायवेच्या गरम काँक्रीटवर ढोरं बसलेली असतात, म्हणून मी स्वतः काळोख पडला की क्रूज बंद ठेवतो.

इतकं करूनही नाही जमलं तर वायरमनला फोन करताना "क्रूज चालत नाही" एवढंच सांगू नका. गाडी कोणती, किट बाहेरचं की कंपनीची बटणं, वरच्या सातातलं लक्षण कितवं, ब्रेक दाबल्यावर आणि सोडल्यावर चारही वायरींवर आलेले आकडे, आणि एअरबॅग, एबीएस, इंजिन यातला कोणता दिवा लागलाय, एवढं कागदावर लिहून घ्या आणि मग बोला. तो जर कामाचा माणूस असेल तर हे सगळं ऐकून घेईल आणि तरीही पहिलं विचारेल, ब्रेक लाईट बघितलेस?